सैन्य उठून गेल्यावर

प्रवासलेख म्हटला म्हणजे वाचकांच्या मनात एखादे तीर्थक्षेत्र, घाट, लेणे अथवा थंड हवेचे ठिकाण उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. मनुष्य घर सोडून निघतो तो पुण्य, सौंदर्य अथवा आरोग्य यांपैकी काही तरी पदरात पडावे म्हणून. आज मी वाचकांस ज्या जागी नेणार आहे, तेथे यांतले काहीच नाही. तेथे एक लांबच लांब डांबरी पट्टी आहे, तिच्याभोवती कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडे धानाच्या बांध्या आहेत. परंतु एखादे काम ज्याने बांधले तोच निघून गेला म्हणजे त्या कामाचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्यास कधी पडला असेल, त्याने ही जागा अवश्य पाहावी.

गोरेगाव म्हटले की मुंबईकडील मंडळींना आपले उपनगर आठवते. म्हणून आम्हांस पत्रावर जिल्ह्याचे नाव नेहमी ठळक लिहावे लागते. आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. एका अंगास नागझिऱ्याचे अरण्य, दुसऱ्या अंगास गोंदियाच्या तांदूळगिरण्या, आणि मध्ये धान व तलाव, असा हा प्रदेश. येथून गोंदियास जावे, शहर ओलांडून कामठ्याची वाट धरावी. कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठाणे. १८१८ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य डळमळले, तेव्हा कामठ्याच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. याच बाजूस बिरसी नावाचे एक साधे खेडे आहे. गोंदियाचे विमानतळ म्हणतात ते येथेच.

दुसरे महायुद्ध पेटले असता १९४० साली ब्रिटिश सरकारने सैनिकी उपयोगासाठी ते बांधले. मुंबई व कलकत्ता यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरील जंक्शन हाताशी, जमीन सपाट, आणि किनाऱ्यापासून शेकडो मैल आत. अशी जागा सैन्यास सोयीची वाटावी यात नवल नाही. १९४५ साली युद्ध संपले. दोन वर्षांनी राज्यकर्तेही गेले. मागे राहिली ती पट्टी. ती प्रथम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. ऑगस्ट १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, आणि डिसेंबर २००५ पासून तिचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरण पाहू लागले. त्या सुमारास केंद्रात नागरी विमानवाहतुकीचे मंत्रिपद गोंदियाचेच श्री. प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. त्यानंतर धावपट्टीची लांबी सुमारे २३०० मीटरपर्यंत वाढविण्यात आली, प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि वैमानिकांस शिक्षण देणाऱ्या संस्था येथे आल्या. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर, गोंदिया व हैदराबाद यांना जोडणारी पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. ती फार काळ टिकली नाही. परंतु १ डिसेंबर २०२३ रोजी दुसऱ्या एका कंपनीचे विमान हैदराबाद व तिरुपतीच्या मार्गाने येथे येऊ लागले. म्हणजे पट्टी बांधली गेल्यापासून सामान्य माणसास तिकीट काढून तेथे चढण्यास ब्याऐंशी वर्षे लागली!

ब्याऐंशी वर्षांत माणसाच्या तीन पिढ्या होतात. मग आजोबांच्या वेळचे हे काम नातवाच्या उपयोगास जसेच्या तसे कसे यावे? ही गोष्ट नीट समजावी म्हणून थोडा तपशील सांगतो.

धावपट्टीचे वय वरून पाहून कळत नाही. डांबर ऊन्हात राहिले म्हणजे त्यातील तैलांश उडत जातो, हवेने ते कठीण व ठिसूळ होते, आणि केसाएवढ्या भेगा पडू लागतात. भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते, खालची माती मऊ होते, आणि वरचा थर दिसावयास धड असूनही आतून पोकळ होतो. त्यातच ओझे वाढलेले. त्या महायुद्धातील प्रसिद्ध डकोटा विमान पूर्ण भरल्यावर सुमारे १४ टन भरे. आज लहान शहरांकडे येणारे पंख्याचे ए.टी.आर.-७२ हे विमान सुमारे २३ टनांचे असते, आणि एअरबस ए-३२० तर ७५ टनांच्या आसपास जाते. एवढा भार ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने चार-सहा चाकांवर भुईस टेकावयाचा. पायाच बदलल्यावाचून हे व्हावयाचे नाही. घराच्या जुन्या मातीच्या भिंतींवर तिसरा मजला चढवू नये, हे जसे आपल्या घरातील वडील माणसे सांगत, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या भागात शेतकऱ्याची सारी विद्या पाणी धरून ठेवण्यात आहे. बांधीला धुरे घालावयाचे, पाणी एका बांधीतून दुसरीत हळूहळू सोडावयाचे, थेंब वाया जाऊ द्यावयाचा नाही. विमानतळाची विद्या याच्या अगदी उलट. तेथे पाणी क्षणभरही ठरता कामा नये. म्हणून पट्टी मध्ये किंचित उंच व कडांना उतरती ठेवतात, दोन्ही अंगांस नाल्या काढतात, आणि ते सारे पाणी दूर नेऊन सोडतात. धानाच्या प्रदेशात विमानतळ बांधणे म्हणजे या दोन विद्यांचा शेजार घडविणे होय. नाली बुजली तर पट्टीचे नुकसान, आणि नाली भलतीकडे सोडली तर शेजारच्या बांधीचे. या नाल्या कोणत्याही उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाहीत. परंतु पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यावाचून वरच्या सुंदर इमारतीची शोभा उतरते.

तिसरी गोष्ट विजेची. पट्टीच्या कडेचे दिवे जमिनीखालच्या तारेने एका माळेत ओवलेले असतात. माळेतील एक दिवा गेला तर सगळीच माळ अंधारात जावयाची. म्हणून प्रत्येक दिव्याजवळ एक लहानसे रोहित्र बसवितात, त्यामुळे तो एकटाच विझतो व बाकीचे तेवत राहतात. बाहेरची वीज गेलीच तर जनित्र तत्काळ सुरू व्हावे अशीही तजवीज असते. या तारा, त्यांच्या नळ्या, पिण्याच्या व आग विझविण्याच्या पाण्याच्या वाहिन्या, सांडपाण्याची सोय, हा सर्व संसार भूमीच्या पोटात असतो. सैनिकी तळ नागरी उपयोगास घ्यावयाचा म्हणजे मुख्यतः हा पोटातला संसार नव्याने मांडावयाचा. वरची इमारत त्या मानाने सोपी.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव हैदराबादेस नोकरीवर रुजू होण्यास निघाले, त्यांस पोचविण्याच्या निमित्ताने मी बिरसीस गेलो होतो. घरातील सहा-सात माणसे बरोबर होती. आमच्याकडे अद्याप कोणी परगावी निघाला की वेशीपर्यंत सगळे जातात, आणि आता वेस दहा-बारा कोस लांब गेली एवढेच. मुले विमान पाहण्यात गुंतली. मी कुंपणाकडेच्या रस्त्याने थोडा चालत गेलो. आजूबाजूच्या एका गावचे एक वृद्ध शेतकरी म्हशी घेऊन चालले होते. मी त्यांस रामराम केला. माझ्या टोपीवरून व बोलण्यावरून त्यांनी माझा व्यवसाय ओळखला असावा.

"गुरुजी, पावना पोचवाले आले काजी?" त्यांनी विचारले.

मी होय म्हटले, आणि विमानतळामुळे गावांचे कसे काय झाले म्हणून सहज पुसले. विस्तारासाठी बिरसीच्या काही कुटुंबांची घरे व शेते गेली, त्यांच्या पुनर्वसनाची मागणी कित्येक वर्षे चालू राहिली, हे मी वर्तमानपत्रांतून वाचले होते. म्हाताऱ्याने कोणालाही बोल लावला नाही. तो क्षणभर थांबून एवढेच म्हणाला,

"घर उचलून नेता येते जी, गुरुजी. दार, कवेलू, खांब सारं नेता येते. विहीर नाही नेता येत."

या एका वाक्यात मला अवघा विषय सापडला. घर ही वर दिसणारी वस्तू आहे. विहीर ही भूमीखालची. मनुष्य जेथे राहतो तेथे तो खालच्या वस्तूंच्या जिवावर राहतो, आणि जागा बदलताना हिशेब मात्र वरच्या वस्तूंचा होतो. सैन्य तळ सोडून जाते तेव्हाही हेच होते, आणि गाव उठते तेव्हाही हेच.

बिरसीची पट्टी मोकळी पडून होती, म्हणून तिचे नवे करणे त्या मानाने सुकर झाले. परंतु सोडलेल्या तळावर जर लगोलग माणसे राहावयास आली तर काय होते? याचे उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि तेही त्याच महायुद्धातले आहे. माझ्या धाकट्या भगिनीचे बिऱ्हाड कल्याणास असल्यामुळे गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्सप्रेसने निघून दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणास उतरण्याचा प्रसंग मला अनेकदा येतो. कल्याणाला लागूनच उल्हासनगर आहे. महायुद्धाच्या काळी तेथे सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. सुमारे सहा हजार सैनिक व तीस हजार इतर माणसे यांची सोय व्हावी म्हणून दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपले, छावणी रिकामी झाली, आणि इतक्यात फाळणीचा अनर्थ कोसळला. सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे एक लाख माणसे या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथील नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु लोकांच्या जिभेवरचा 'कॅम्प' गेला नाही. कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन, असे पाचपर्यंत पत्ते तेथे अजूनही सांगतात.

त्या माणसांच्या उद्योगाची स्तुती करावी तेवढी थोडीच आहे. गोणपाटाच्या पडद्यांनी बराकीचे भाग पाडून राहिलेल्या कुटुंबांनी पापड लाटले, कापड विकले, आणि एका पिढीत व्यापाराची मोठी पेठ उभी केली. पण विचार करावा की, जेथे वास्तव्य तात्पुरते म्हणून सामाईक नळ व सामाईक शौचकूप बांधले होते, तेथे मुले जन्मली, लग्ने झाली, मजले चढले. २०११ च्या शिरगणतीत तेरा-चौदा चौरस किलोमीटरांच्या त्या जागेत ५,०६,०९८ माणसे मोजली गेली. शहराचा स्वतःचा पाणीसाठा नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घ्यावे लागते. ज्या जुन्या वाहिन्यांतून ते घरोघर जाते, त्यांतील कित्येक नाल्यांच्या कडेने व कोठे कोठे नाल्यांतूनच गेलेल्या होत्या.

गळक्या नळाचे दुःख पाणी वाया जाण्यावर संपत नाही. पाणी ठरावीक वेळीच सुटते, तेव्हा उरलेल्या वेळी नळ रिकामे होतात. रिकामा नळ बाहेरचे आत ओढतो. ज्या भेगेतून सकाळी स्वच्छ पाणी बाहेर गळाले, त्याच भेगेतून दुपारी सांडपाणी आत येते, आणि संध्याकाळी ते घागरीत पडते. कावीळ, अतिसार, विषमज्वर यांचा प्रवेश घरात असा होतो. गृहिणी घागर लखलखीत घासते, पाणी गाळून घेते, आणि तरीही मूल आजारी का पडते हे तिला समजत नाही. कारण दोष तिच्या स्वयंपाकघरात नसून रस्त्याखाली, ती जन्मण्यापूर्वी पुरलेल्या एका लोखंडी नळात असतो.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून तेथे नवे जलकुंभ व नव्या वाहिन्या यांचे काम हाती घेण्यात आले. परंतु भरल्या शहरात भूमी उकरणे किती कठीण! बिरसीत कुंपण घालून काम करता येते. येथे खणावयाचे तेथे दुकान, त्यावर घर, घरात पाच माणसे. जुना नळ बंद करावा तर नवा पोचेपर्यंत त्यांनी प्यावे काय? म्हणून नवा नळ जुन्याच्या शेजारून न्यावा लागतो, घरोघरचे जोड एकेक करून नव्यावर आणावे लागतात, आणि मगच जुना निजवावा लागतो. त्यातला एखादा जुना जोड विसरला की जुने दुखणे नव्या नळात शिरते. चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच हे आहे.

हे सर्व पाहताना आमच्या पूर्वजांनी या विषयाचा किती बारकाईने विचार केला होता याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे सांगितले आहे की, तलाव व बंधारे नव्याने बांधणारास पाच वर्षे करमाफी द्यावी, मोडलेले पुन्हा उभारणारास चार वर्षे द्यावी, आणि झाडोऱ्याने बुजलेले साफ करणारास तीन वर्षे. म्हणजे दुरुस्ती करणाराचा मान बांधणारापेक्षा फक्त एका पायरीने खाली! आणि त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, संकटाचे कारण नसता ज्याने आपले पाण्याचे काम पाच वर्षे वापरले नाही, त्याचे त्यावरील स्वामित्व जावे. स्वामित्व कागदावर नसून निगराणीत आहे, हा यातील आशय.

गिरनारच्या पायथ्याशी असलेला रुद्रदामनाचा शिलालेख संस्कृताच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेला सुदर्शन तलाव इ. स. १५० च्या सुमारास वादळी पावसाने फुटला. ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल असे खिंडार पडले. काम अवाढव्य म्हणून राजाच्या मंत्र्यांनी ते हाती घेण्यास विरोध केला, आणि प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने तो बांध पूर्वीपेक्षा मजबूत करून घेतला. आणि प्रजेवर कर व वेठ न लादता राजाने स्वतःच्या कोशातून हा खर्च केला, असे लेख अभिमानाने सांगतो. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळी, तोच तलाव पुन्हा फुटला व पुन्हा बांधला गेला. राजवंश तीन झाले, तलाव एकच. प्रत्येकाने आधीच्याचे काम आपले मानले, म्हणून तो टिकला.

याच्या उलट अनुभव आमच्या जिल्ह्याने घेतला आहे. कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधलेले शेकडो तलाव येथे आहेत. मालगुजार त्यांची देखरेख करीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जावयासच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. परंतु दरसाल पाळ कोणी चाचपावयाची, तुडुंब कोणी मोकळा करावयाचा, गाळ कोणी उपसावयाचा, हे काम पूर्वीसारखे कोणा एकाचे राहिले नाही. 'मामा तलाव' या लाडक्या नावाने आम्ही त्यांना ओळखतो. पण कित्येक मामांच्या घरी भाच्यांनी जाणे सोडले, आणि गाळाने त्यांची पोटे भरली. मालक बदलणे वाईट नाही. मालकाबरोबर राखणाराही नाहीसा होणे वाईट.

माझ्या मते या सर्वांतून घ्यावयाचा बोध एकच आहे. एखादा तळ, तलाव, वाडा अथवा शहर एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा किल्ल्या व कागद देऊन हस्तांतर पुरे होत नाही. भूमीखाली काय पुरले आहे, ते किती वर्षांचे आहे, कोठून कोठे जाते, आणि ते कोण व केव्हा बदलणार, याचा नकाशा व जबाबदारी दिली तरच ते खरे हस्तांतर. बिरसीच्या पट्टीस असा वाली साठ-पासष्ट वर्षांनी मिळाला. उल्हासनगरात तो वेळेवर न मिळाल्याची किंमत तिथल्या घरोघरच्या घागरींनी दिली. आणि ज्यांची विहीर विकासकामात जाते, त्यांस नव्या जागी घराआधी पाणी मिळावे, हाही त्याच हिशेबाचा भाग होय. उपकार म्हणून त्याकडे पाहू नये.

हा विषय केवळ सरकारचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. आपल्या एकत्र कुटुंबांचे वाडे पाहा. दिवाणखान्यास दर दिवाळीस रंग लागतो. परंतु मागील मोरीचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते, पिण्याचा नळ तिच्यापासून किती हातांवर आहे, विजेच्या तारा कोणत्या साली ओढल्या, हे घरातील किती जणांस ठाऊक असते? बहुधा एकाच वृद्धास ठाऊक असते, आणि तो गेला की ते ज्ञानही जाते. वाटण्या होतात तेव्हा खोल्यांची मोजणी इंचा-इंचाने होते, आणि मोरी मात्र 'सामाईक' म्हणून सोडून देतात. म्हणजे पुढे तिच्याकडे कोणीच पाहावयाचे नाही.

येत्या सुटीत ज्यांस शक्य असेल त्यांनी नागझिरा व नवेगावबांध पाहण्यास आमच्या जिल्ह्यात अवश्य यावे. हैदराबादेकडून अथवा इंदुराकडून येणाऱ्यांनी आकाशमार्गाची चौकशी आधी करून घ्यावी, कारण त्या सेवांच्या वेळा व मार्ग बदलत असतात. आगगाडी मात्र भरवशाची आहे. बिरसीस उतरलात, तर पट्टीवरून बाहेर पडताना क्षणभर कडेच्या नालीकडे पाहा. आषाढातल्या मुसळधार पावसात ती वाहती दिसली, तर समजावे की जुन्या कामास नवा वाली खरोखर मिळाला आहे.